चित्रांतील वर्णभान आणि पुनर्मुद्रणाचा प्रश्न

वर्णविषयक पूर्वग्रह बाळगणारे जुने बालसाहित्य छापत राहावे काय, या चर्चेत दोन प्रश्नांची गल्लत होते : संहिता जतन करणे आणि ती मुलाच्या हाती देणे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ‘अमर चित्र कथा’ मराठीतही वाचली गेली. तिच्यातील राक्षस बहुधा काळे, नायिका गोऱ्या. आणि ज्याचे नावच काळेपणाचे, तो कृष्ण निळा. ही निळाई चित्रपरंपरेतील जुनी रूढी आहे, हे मान्य. तथापि ‘सावळ्या’ विठ्ठलाला आळवणाऱ्या भाषेतील सावळ्या मुलाला आपला रंग येथे बहुधा असुराच्याच अंगी आढळतो.

हेलन बॅनरमन यांची ‘लिटल ब्लॅक सॅम्बो’ (१८९९) ही कथा १९९६ मध्ये नावे व चित्रे बदलून ‘द स्टोरी ऑफ लिटल बाबाजी’ म्हणून निघाली. वाघांची गोष्ट शाबूत राहिली. अशा ठिकाणी मुलांसाठीची आवृत्ती नव्याने चितारावी आणि तसे आवृत्तीवर स्पष्ट नोंदवावे. मूळ प्रत मात्र, बदलापूरच्या ‘ग्रंथसखा’सारख्या दुर्मिळ मराठी ग्रंथ जपणाऱ्या संग्रहांत, अभ्यासकाला जशीच्या तशी मिळाली पाहिजे. नोंद न करता केलेल्या दुरुस्तीने पूर्वग्रहाचा पुरावा तेवढा नाहीसा होतो.