भिंत आहे, मग गोधडी कशाला?

आज एका बाथरूमबद्दल लिहिणार आहे. हसू नका. टीका कशी करायची आणि कुठे थांबायचं, हे मला रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला जेवढं कळलं नव्हतं तेवढं या बाथरूमने शिकवलं.

मुकुटबन हे माझं आजोळ. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातलं हे मोठं गाव. आजूबाजूला कापूस, जमिनीखाली चुनखडी आणि कोळसा, आणि आता सिमेंटचा कारखानाही. मामेभावाने तिथे नवं घर बांधलं. वास्तुशांतीला गेले तेव्हा वहिनीने हौसेने सगळं घर दाखवलं आणि शेवटी बाथरूमचं दार उघडलं. छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स, आणि शॉवरसमोरच्या भिंतीवर एक लहान गोधडी. वर लाकडी पट्टी, पट्टीला चार खिळे.

"मोबाइलवर पाहिलं होतं ताई," वहिनी म्हणाली, "बाहेरच्या देशात लावतात असं. छान दिसते ना?"

दिसत छानच होती. अडीच-तीन फुटांची, लेकराची गोधडी. लुगड्याचे लाल-हिरवे काठ, मधे मामाच्या चौकड्याच्या शर्टाचे तुकडे, आणि त्यावर कडेकडून मध्याकडे येणारे धावदोऱ्याचे चौकोन, एकात एक. माझ्या आजीने या मामेभावाच्या जन्माच्या वेळी शिवलेली.

मी वहिनीला "छान" म्हटलं आणि रात्री वहीत हे वाक्य लिहिलं:

'ग्रामीण स्त्रियांच्या श्रमाचं प्रतीक असलेली गोधडी तिच्या मूळ संदर्भातून तोडून शौचालयाच्या भिंतीवर टांगणं हे लोककलेचं वस्तूकरण असून ती त्या कलेची विटंबना आहे.'

वाक्य ओळखीचं वाटतंय ना? अशी वाक्यं आपण सगळेच लिहितो. गाइडही खूश होतात. पण हे वाक्य टिकतं का ते आज एकेक शब्द धरून तपासू.

विटंबना

शेवटच्या शब्दापासून सुरू करते, कारण राग तिथे आहे. स्वतःला एक प्रश्न विचारा: हीच गोधडी हॉलमध्ये सोफ्याच्या वर असती, तर मी हे वाक्य लिहिलं असतं का? नसतं लिहिलं. उलट फोटो काढून स्टेटसला ठेवला असता. म्हणजे माझा आक्षेप गोधडी भिंतीवर टांगण्याला नव्हता, बाथरूमला होता.

मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं १९६६ सालचं 'प्युरिटी अँड डेंजर' हे पुस्तक इथे उपयोगी पडतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की घाण हा वस्तूचा गुण नसतो. वस्तू चुकीच्या जागी गेली की ती घाण ठरते. कुठली जागा चुकीची, याचा नकाशा प्रत्येक समाजाचा वेगळा. आपल्या जुन्या घरांच्या नकाशात संडास मागच्या अंगणापलीकडे, न्हाणी वेगळी, मोरी वेगळी. आता हे सगळं एका खोलीत आलं, पण डोक्यातला नकाशा जुनाच राहिला. मी 'बाथरूम' न लिहिता 'शौचालय' लिहिलं, ते उगाच नाही. मला कलेची काळजी वाटते आहे असं मी स्वतःला सांगत होते; बोलत होता तो विटाळ.

आणि गंमत पाहा. ही गोधडी लेकराखालची. दोन वर्षं ती दिवसातून चारदा ओली झाली असेल, धुतली गेली असेल, उन्हात वाळली असेल. तिला बाथरूमचं वावडं असायचं कारणच नाही.

हे तंत्र लक्षात ठेवा. एखाद्या गोष्टीचा राग आला की त्यातली एकच बाब बदलून पाहा. राग गेला, तर तो नेमका कशावर होता ते कळतं.

मूळ संदर्भ

इगोर कोपिटॉफ यांचा १९८६ सालचा एक निबंध आहे, अर्जुन अप्पादुराई यांनी संपादित केलेल्या 'द सोशल लाइफ ऑफ थिंग्ज' या पुस्तकात. माणसाचं चरित्र लिहितो तसं वस्तूचंही लिहिता येतं, हा त्याचा गाभा. ती कुठून आली, कुणाकुणाच्या हाती गेली, म्हातारपणी तिचं काय होतं, असे प्रश्न विचारायचे.

आता गोधडीचं चरित्र मांडा. आधी लुगडं. ते विरलं की त्याचे धड तुकडे गोधडीत. गोधडी झिजली की तिच्यावर ठिगळ, किंवा तीच नव्या गोधडीच्या पोटात भर म्हणून. अगदीच गेली की पोतेरं. यातला 'मूळ' संदर्भ कोणता? लुगड्याच्या बाजूने पाहिलं तर गोधडी हीच मोडतोड. विदर्भातल्याच गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांची गोधडी असायची, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. तिथे अंथरुणाचा अंगरखा झाला होता. त्याला कुणी 'संदर्भातून तोडणं' म्हटलं नाही.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'मूळ', 'पारंपरिक', 'अस्सल' हे शब्द असतील तर प्रत्येकापुढे लिहा: कोणत्या वर्षीचं? कुणाच्या घरातलं? उत्तर नसेल तर शब्द काढा.

वस्तूकरण

इथे मात्र माझ्या वाक्यात थोडा दम आहे, पण आधार दिलेला नाही. आधार शोधायला थोडं लांब जावं लागतं.

१९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये अमेरिकन गोधड्यांचं, म्हणजे क्विल्टचं, एक गाजलेलं प्रदर्शन झालं. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांच्या संग्रहातल्या गोधड्या पलंगावरून उचलून, अमूर्त चित्रं लावावीत तशा भिंतीवर लावल्या होत्या. निवड रंग आणि रचना पाहून केलेली. फायदा उघड होता: घरातलं काम म्हणून ज्याकडे कुणी पाहत नव्हतं, ते लोक रांगा लावून पाहू लागले. दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये, पॅट्रिशिया मैनार्डी यांनी त्यावर खरपूस लिहिलं. या बायकांची कला पुरुष चित्रकारांच्या मापाने का मोजता, आणि शिवणाऱ्या बायका अनामिक का ठेवता, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. कित्येक गोधड्यांवर तर नाव आणि साल टाक्यांनीच घातलेलं असे.

पुढे २००२ पासून अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या मोठ्या म्युझियममधून फिरल्या. या वेळी नावं होती. २००६ मध्ये टपाल तिकिटंही निघाली. पण नक्षी घरसजावटीच्या वस्तूंवर गेली तेव्हा पैशाचा आणि हक्कांचा प्रश्न आला. २००७ मध्ये काही जणींनी खटले भरले आणि ते तडजोडीने मिटले.

दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट दिसते. भिंत गोधडीला काही देते आणि काही घेते. टीकाकाराने दोन्ही रकाने भरायचे असतात. मी 'वस्तूकरण' लिहून घेण्याचा रकाना भरला आणि देण्याचा कोरा सोडला. वहिनीने ती गोधडी ट्रंकेतून काढली नसती, तर मला ती दिसलीही नसती.

ग्रामीण स्त्रिया

सगळ्यात मोठी चूक इथे आहे. मी ज्या 'ग्रामीण स्त्रियां'बद्दल लिहीत होते, त्यातली एक पलीकडच्या खोलीत तूर निवडत बसली होती. मी वाक्य लिहून मोकळी झाले तोवर तिला एक शब्द विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आजीला हात धरून बाथरूममध्ये नेलं. मला वाटलं, ती चिडेल किंवा हरखेल. तिने गोधडीवरून हात फिरवला आणि म्हणाली:

"आमच्या वक्ती न्हाणीले भिंतच नोहती, पोरी. चार बल्ल्या गाडाच्या अन् फाटकी गोधडी बांधाची. तुमच्या न्हाणीले त भिंत आहे. मंग इले कायले टांगलं?"

मी गप्प. न्हाणीत गोधडी ही माझ्या लेखी विटंबना, वहिनीच्या लेखी बाहेरच्या देशातली कल्पना. आणि आजीच्या लेखी ते रोजचं होतं. अंगणात आंघोळ करणाऱ्या बाईला फाटक्या गोधडीनेच आडोसा दिला होता. तिथे गोधडी भिंतीवर नव्हती, भिंत होती. 'मूळ संदर्भा'चं माझं सगळं बांधकाम त्या चार बल्ल्यांवर येऊन कोसळलं.

मग तिने पट्टीचा एक कोपरा उचलून मागे पाहिलं. "उलटी लावली. आंगाले लागते ते बाजू भितरमंदी गेली."

मागची बाजू पांढरी होती, आजोबांच्या जुन्या धोतराची. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली. आजीच्या दृष्टीने सुलटी बाजू ती, कारण लेकराची कातडी तिला टेकते. रंगीत तुकड्यांची बाजू खालची. जमिनीची झीज सोसायला. आम्ही दोघी शिकलेल्या बायांनी डोळ्यांनी ठरवलं होतं, तिने अंगाने.

हे फक्त माझ्या आजीपुरतं आहे असं समजू नका. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या गोधड्यांवर हेन्री ड्रेवाल यांनी काम केलं आहे. तिथे गोधडीच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी तुकडे, 'फुला', लागल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. करणाऱ्यांची स्वतःची समीक्षा असते. तुमची समीक्षा सुरू करण्याआधी ती शोधायची. नमुना निवड, प्रश्नावली हे सगळं त्यानंतर.

वाक्यात नसलेला शब्द: ओल

एवढी मोठी वाक्यरचना केली, पण खरी हानी ज्याने होणार ते मी लिहिलंच नाही. कारण ते साधं होतं, 'थिअरी' नव्हतं.

सुती कापडाला पाण्याची भीती नाही. घटस्थापनेच्या आधी घराघरांतल्या गोधड्या नदी-नाल्यावर जातात, आपटून धुतल्या जातात आणि दिवसभर उन्हात पडतात. पाणी आणि ऊन अशी ती जोडी आहे. बाथरूममध्ये पाणी येतं, ऊन येत नाही. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि बुरशी सुताचा तंतूच खाते. लोखंडी खिळा गंजतो, गंजाभोवतीचं कापड ठिसूळ होऊन भोक पडतं. चार-पाच थरांची गोधडी वाफ पिऊन जड होते आणि सगळा भार चार खिळ्यांवर येतो. म्युझियममध्ये कापड टांगतात तेव्हा वरच्या कडेला मागून कापडी नळी शिवून त्यात दांडा घालतात, म्हणजे भार सारखा वाटला जातो. उजेड साधारण ५० लक्सच्या आत ठेवतात आणि काही महिन्यांनी वस्तू उतरवून विश्रांती देतात, कारण उडालेला रंग परत येत नाही.

समीक्षेत या गोष्टी दुय्यम मानू नका. अर्थ टिकायला आधी कापड टिकावं लागतं.

सुधारलेलं वाक्य

आता माझा निकाल, नव्याने लिहिलेला:

'मुकुटबनमधल्या एका घरात लेकराची गोधडी बाथरूमच्या भिंतीवर लावली आहे. जागा चुकीची नाही. शिवणाऱ्या बाईच्या आठवणीत गोधडी आणि न्हाणी यांचं जुनं नातं आहे. चुकलं ते तीन ठिकाणी: लोखंडी खिळे आणि उन्हाशिवायची ओल तिला काही वर्षांत संपवतील, अंगाला लागणारी बाजू भिंतीकडे गेल्याने ती फक्त पाहण्याची वस्तू झाली, आणि लावताना शिवणारीला विचारलं नाही, ती घरातच असून.'

पहिल्या वाक्याइतकं हे भारदस्त नाही. पण याचा प्रत्येक तुकडा कुणी तपासू शकतं आणि खोटाही ठरवू शकतं. तिसऱ्या चुकीत मीही आहे, हे वेगळं सांगायला नको.

वहिनीला मी हे सगळं ऐकवलं नाही. फक्त ओलीचं आणि खिळ्यांचं सांगितलं. मामेभाऊ म्हणाला, "माझीच गोधडी आहे, मला रोज दिसावी म्हणून लावली." त्याचाही हक्क आहेच, तो तिच्यावर झोपला आहे. शेवटी गोधडी उतरवली, धुतली, गच्चीवर वाळत घातली. आता ती त्यांच्या खोलीतल्या पलंगाच्या पायथ्याशी घडी करून असते, पांढरी बाजू वर. बाथरूमच्या भिंतीवर चार भोकं राहिली आहेत आणि वहिनी अजून थोडी नाराज आहे. तिने हौसेने केलं होतं, आणि तिचं म्हणणं मी नीट नोंदवून घेतलं नाही, हीसुद्धा माझ्या कामातली उणीव समजा.

तुमच्यासाठी काम: घरातली एक जुनी वस्तू घ्या. तिच्याबद्दल एक कडक वाक्य लिहा. मग त्या वाक्यातला राग कशावर आहे, 'मूळ' म्हणजे कधीचं, वस्तूला काय मिळालं, काय गेलं, ती कशाची बनली आहे, आणि ती बनवणाऱ्या माणसाला काय वाटतं, हे पाच प्रश्न विचारा. शेवटचा प्रश्न आधी विचारलात तर एक रात्र वाचेल. माझी वाचली नाही.