पाच वाक्यं आणि नव्वदचा आकडा

जुनाट दुखण्यासाठी अफूजन्य गोळ्या कधी आणि किती द्यायच्या, हे अमेरिकेतले तरुण फॅमिली डॉक्टर कशावरून शिकले? मी म्हणेन, अर्धवट वाचलेल्या मजकुरावरून.

हे पत्र बघा. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन', जानेवारी १९८०. लेखक पोर्टर आणि जिक. जेमतेम पाच वाक्यं. रुग्णालयात दाखल असलेल्या ११,८८२ जणांना अशी औषधं दिली. आधी व्यसन नसलेल्यांपैकी चौघांनाच ते लागल्याचं नोंदलं गेलं. बस्स. घरी वर्षानुवर्षं कंबरदुखीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाबद्दल त्यात अक्षर नाही.

पत्रात खोटं काही नाही हो. खोट वाचनात आहे. २०१७ साली त्याच नियतकालिकात या पत्राचे संदर्भ मोजले गेले. ६०८ निघाले. पैकी सुमारे ७२ टक्क्यांनी ते 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून वापरलं. हे रुग्ण रुग्णालयातले होते, हे सुमारे ८१ टक्क्यांनी सांगितलंच नाही.

आता रेसिडेंटकडे या. तिकडे फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी तीन वर्षांची. जूनअखेर जुना जातो, जुलैत त्याचे रुग्ण नव्याच्या नावावर चढतात. समजा, त्यात एक बाई आहे, दहा वर्षं ऑक्सिकोडोनवर. "आधीचे डॉक्टर तर देत होते." तिला सही आज हवी आहे.

रेसिडेंटच्या हातात काय? २०१६ची सीडीसीची सूचना. मॉर्फिनच्या हिशेबात दिवसाला ९० मिलिग्रॅमपर्यंत डोस वाढवणं टाळा, वाढवलाच तर कारण सांगता आलं पाहिजे. वाक्य डोस वाढवण्याबद्दल होतं. अनेकांनी वाचलं ते असं: नव्वदच्या वर कोणी दिसला की काप! २०१९मध्ये एफडीएला इशारा द्यावा लागला की अचानक बंद केल्यानं रुग्णांना तीव्र त्रास होतोय, आत्महत्यासुद्धा होतायत. २०२२च्या शिफारशींतून तो आकडाच काढला.

माझी तक्रार रेसिडेंटबद्दल नाही, त्याच्या शिक्षकांबद्दल आहे. त्यांनी आधी 'चार' पाठ करून घेतला, मग 'नव्वद'. मूळ कागद वाचायला कोणी बसवलं?

२०२२चा कागद म्हणतो, वर्षाहून जास्त गोळी घेतलेल्यांचा डोस कमी करायचाच ठरला तर महिन्याला दहा टक्के, किंवा त्याहून सावकाश. म्हणजे या बाईचं सहज एक वर्ष, कदाचित दोन. आणि रेसिडेंटकडे आहेत तीन.