जी. एं.चा एकांत आणि आपला गलबला

लेखक म्हटला की तो सभा गाजवणारा, चारचौघांत ऊठबस असणारा, अशी आपल्याकडे समजूत आहे. जात्याच मितभाषी असलेल्या, गर्दीत अवघडणाऱ्या माणसाला आपण 'माणूसघाणा' म्हणून मोकळे होतो. आपल्या साहित्यिक बैठकांतही बोलणाऱ्याचे नाव पुढे येते आणि कोपऱ्यात बसून ऐकणारा मागे राहतो. म्हणूनच जी. ए. कुलकर्णी (१९२३-१९८७) यांच्या कथेकडे पुन्हा वळावे असे आम्हाला वाटते.

जी. ए. मूळचे बेळगावचे. धारवाडला त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. सभा, सत्कार, व्यासपीठ यांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. 'काजळमाया'ला १९७३ साली मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार वाद निघताच त्यांनी परत केला. मात्र हा तुसडेपणा नव्हता. त्यांनी नोकरी केली, मावस बहिणींना सांभाळले आणि सुनीता देशपांडे यांच्यासारख्या स्नेह्यांना पत्रे लिहिली. पुढे ग्रंथरूपाने आलेली ही पत्रे वाचली की उमजते, या माणसाला बोलण्याचा तिटकारा नव्हता; बोलण्याआधी त्याला सवड हवी होती. पत्रात ती मिळते, मैफलीत मिळत नाही.

ही सवड त्यांच्या कथेतही दिसते. 'पिंगळावेळ' (१९७७) मधील 'कैरी' ही कथा आईबाप नसलेल्या लेकराच्या नजरेतून उलगडते. मावशीचे दुःख त्याला कोणी समजावून सांगत नाही. ते त्याला दिसत जाते. गप्प राहून पाहणाऱ्याच्या ध्यानात काय काय येते, याचा ही कथा वस्तुपाठ आहे.

याच संग्रहातील 'स्वामी' मात्र एकांताची दुसरी बाजू दाखवते. वाटेवरच्या एका प्रवाशाला मठात नेऊन भुयारात कोंडतात आणि त्याला स्वामीपद देतात. तेथे शांतता भरपूर आहे, पण ती त्याने निवडलेली नाही. बाहेरच्या उजेडाकडे झेपावणारी एक वेल हाच त्याचा आधार उरतो. निवडलेला एकांत आणि लादलेला एकांत यांतला फरक जी. ए. नेमका जाणत होते, हे या कथेवरून दिसते. एकांताचे कौतुक करताना हा फरक आपणही विसरू नये.

'रमलखुणा' (१९७५) हे नाव तर आपल्या कानांना ओळखीचे. अरबीत 'रम्ल' म्हणजे वाळू. वाळूवर खुणा काढून भविष्य पाहण्याची विद्या ती रमल. या शीर्षकातच जी. एं.ची नियतीची ओढ आहे आणि आमचा आक्षेपही इथेच आहे. त्यांची माणसे नियतीशी झुंजतात, व्यवस्थेशी क्वचितच. मोहल्ल्यातली बेकारी, दंगलीनंतरचे घर, तलाकनंतरची बाई यांना नियती म्हणून आपल्याला गप्प बसता येणार नाही. पण हा आक्षेप त्यांच्या जीवनदृष्टीवर आहे, एकांतावर नाही. शांतपणे पाहण्याची रीत त्यांच्याकडून घ्यावी. काय पाहायचे ते आपले आपण ठरवावे.

प्रश्न उरतो तो जागेचा. दोन खोल्यांत आठ माणसे राहतात, तिथे लिहिणाऱ्या मुलीला कोपरा कोठून मिळणार? घरातले निजल्यावर ती वही उघडते. दिवसभर तिने ऐकलेले त्या वहीत उतरते. अशी मुलगी व्यासपीठावर येईलच असे नाही आणि तिने यावे असा आग्रहही नको. घरच्यांनी तिला तासभर निवांतपणा द्यावा. आपल्या संपादकांनी आणि संमेलनवाल्यांनी तिच्या दारापर्यंत जाऊन वही मागावी आणि तिला भाषण करायला न लावता ती छापावी.