शार्त्रची शोमरोनी खिडकी

पॅरिसच्या नैर्ऋत्येला सुमारे 90 किलोमीटरवर शार्त्र हे गाव आहे. तिथल्या कॅथीड्रलमध्ये रंगीत काचेच्या पावणेदोनशेच्या आसपास खिडक्या आहेत. लोक जातात ते मुख्यतः दोन गोष्टी पाहायला: तीन भिंतींवर उमललेली ती प्रचंड गोल फुलं, आणि 1194च्या आगीतून वाचलेली निळ्या वस्त्रातली मरिया. दोन्ही पाहावीतच. पण ती गोल फुलं लांबून पाहायची आणि भारावून जायची. ती वाचता येत नाहीत. वाचायची खिडकी हवी असेल तर मुख्य दालनाच्या दक्षिणेकडच्या बाजूच्या ओळीत यावं. तिथे चांगल्या शोमरोन्याची खिडकी आहे, साधारण 1205 ते 1215च्या दरम्यानची. तिचे 24 खण खालून वर वाचायचे असतात.

सगळ्यात खालच्या खणांत देव नाही की संतही नाही. तिथे जोडे करणारे कारागीर आहेत, कामात गढलेले. त्यांच्यातलाच एक घोळका आपण दिलेली खिडकी अर्पण करतो आहे. जोडे करणाऱ्यांनी खर्च केला म्हणून त्यांची चित्रं, असं पूर्वीपासून सांगितलं जातं. 1993मध्ये जेन वेल्च विल्यम्स या कला-इतिहासकार बाईंनी या गोड समजुतीला धक्का दिला. ही चित्रं कारागिरांच्या उत्साहाची नसून धर्माधिकाऱ्यांना हवा होता त्या आज्ञाधारक, दानशूर समाजाची आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. वाद मिटलेला नाही. मला त्यांची शंका रास्त वाटते, पण तिने चित्राची गंमत कमी होत नाही. पैसा कुणाचाही असो, वाटेत लुटल्या गेलेल्या एका पायी प्रवाशाच्या गोष्टीखाली जोडे शिवणारी माणसं बसवावीत, हे ज्याला सुचलं त्याला गोष्ट कळली होती.

गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातली. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून येशू ती सांगतो. यरुशलेमहून यरीहोकडे निघालेल्या एकाला चोर मारहाण करून अर्धमेला टाकतात. याजक पाहून पुढे जातो, मंदिराचा सेवक असलेला लेवीही जातो. यहुदी ज्यांना तुच्छ लेखत त्या शोमरोनातला एक जण मात्र थांबतो, जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर घालून धर्मशाळेत नेतो. काचेवर हे सगळं ओळीने येतं. आधी परुशी या यहुदी पंथातल्यांना गोष्ट सांगणारा येशू. मग नगराच्या वेशीतून बाहेर पडणारा प्रवासी आणि पुढे दबा धरलेला धोका. मग उघडा पडलेला देह. याजक आणि लेवी यांना कलावंताने एकाच खणात उभं केलं आहे. दोघांना दोन खण देण्याइतकी त्यांची योग्यता नाही, असं त्याला वाटलं असावं की काय, कोण जाणे. मला तसं वाटून घ्यायला आवडतं.

इथे क्षणभर काचेकडे पाहू, कारण गोष्टीचा अर्धा जोर तिच्यात आहे. या काचेवर रंग फासलेला नाही. रंग काच वितळलेली असतानाच तिच्या अंगात मिसळलेला आहे: निळ्यासाठी कोबाल्ट, लालसाठी तांबं. तांब्याचा लाल इतका दाट की पूर्ण जाडीची काच त्याचीच केली तर ती काळी ठिक्कर दिसेल. म्हणून तो पांढऱ्या काचेवर पातळ थरांनी चढवत. तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले. नाक, डोळे, चुण्या यांच्या रेषा तेवढ्या धातूच्या भस्मात काचेची पूड कालवून काढायच्या आणि भट्टीत भाजून पक्क्या करायच्या. बाराव्या शतकातला थिओफिलस नावाचा साधू आपल्या कारागिरीच्या ग्रंथात ही पूड द्राक्षाच्या मद्यात किंवा मूत्रात कालवायला सांगतो. सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांत हा तपशील सहसा येत नाही.

निळ्याची खोड अशी की तो पसरतो. उजेड मागून आला की निळा तुकडा आपल्या हद्दीबाहेर सांडतो आणि शेजारच्या रंगाला गिळू पाहतो. एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्यूक या फ्रेंच वास्तुकाराने हे नेमकं टिपून ठेवलं. जुन्या कारागिरांनी ते न लिहिता ओळखलं होतं. म्हणून निळ्याच्या कडेला काळ्या रेषांची जाळी येते, पांढऱ्या ठिपक्यांची माळ येते, लाल पट्टी येते. हे सगळं त्या निळ्याला आवरायला. शिसं हीसुद्धा इथे नुसती जोडणी नाही, ती चित्राची सर्वांत ठळक रेघ आहे. आणि लोखंडी चौकट चित्रं कापत आडव्या-उभ्या गजांनी जात नाही. ती त्यांच्या गोलाईप्रमाणे वाकवलेली आहे. भर दुपारी दक्षिणेचं ऊन या खिडकीवर थेट येतं तेव्हा तपशील थोडे फिके होतात. ढगाळ दिवस वाचनाला बरा.

शोमरोनी जखमा बांधतो तो खण सगळ्यात शांत. ओणवलेली पाठ, पुढे आलेले हात, खाली आडवा देह. मध्ययुगीन चेहऱ्यांवर आपल्याला हवे तसे भाव नसतात. इथलं सगळं बोलणं अंगाच्या वळणातून होतं. मग धर्मशाळा येते, तिथली शुश्रूषा येते, आणि गोष्ट संपते. खिडकी मात्र अर्ध्यावरच आलेली असते.

वरच्या अर्ध्या भागात एकदम आदाम. देव त्याला घडवतो, मग हव्वेला. ते मना केलेलं झाड, ते फळ, ती लाज, बागेतून हकालपट्टी, आणि मग घाम गाळणं: आदाम जमीन खणतो आहे, हव्वा सूत कातते आहे. दोन गोष्टींच्या मध्ये ‘म्हणजेच’ असं सांगणारा एकही खण नाही. दुवा आपण जोडायचा. यरुशलेम म्हणजे नंदनवन, तिथून उतरलेला प्रवासी म्हणजे आदाम, चोर म्हणजे सैतान, याजक आणि लेवी म्हणजे जुना करार, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, धर्मशाळा म्हणजे चर्च. हा अर्थ ऑगस्टीन, बीड अशा जुन्या ख्रिस्ती भाष्यकारांकडून चालत आलेला. आपल्या कीर्तनात पूर्वरंगात निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान रंगतं. शार्त्रच्या काचेने हा क्रम उलटा केला आहे, आणि निरूपणासाठीही दुसरं आख्यानच लावलं आहे.

हाच विषय सांस आणि बूर्जच्या कॅथीड्रलांतही काचेवर आहे. सांसमध्ये गोष्टीची चित्रं मधोमध आणि त्यांचे अर्थ भोवतीच्या गोलांत, म्हणजे मजकूर आणि भाष्य एकाच पानावर. अधिक चोख, अधिक विद्वान रचना. मला शार्त्रची आवडते, कारण इथे गोष्टीला आपला श्वास पुरा करू दिला आहे. खरं तर त्या शास्त्री अर्थाने मूळ कथेची धार थोडी बोथट होते. परक्या, तिरस्कृत माणसाने माणुसकी दाखवली ही तिची नांगी. तो परका प्रत्यक्ष देवच होता म्हटलं की ऐकणाऱ्याची सुटका होते. शिवाय जुना करार म्हणजे वाटसरूला टाकून जाणारा, या अर्थात यहुद्यांविषयीची त्या काळची कडवट भावनाही मुरलेली आहे. काचेने मात्र खालच्या खणांत माणूस माणूसच ठेवला. जखम बांधणारे हात तिथे कशाचं प्रतीक व्हायच्या आधी हात आहेत.

अशा खिडक्यांना निरक्षरांचं बायबल म्हणायची पद्धत आहे. ते पटत नाही. आदामाचा यरीहोच्या वाटेशी काय संबंध, हे नुसतं पाहून कुठल्या शेतकऱ्याला कळलं असतं? इथे सांगणारा कुणी तरी लागतच होता. एकदा ऐकलं की मग काच आठवण ठेवत असे.

अलीकडच्या जीर्णोद्धारात आतल्या भिंतींवरची काजळी काढून फिकट रंग दिला गेला, त्यावरून बरंच भांडण झालं. तेराव्या शतकात भिंती रंगवलेल्याच होत्या, हा दुरुस्ती करणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. तरी रंगीत काचेला भोवती अंधार हवा, या बाजूने माझा कल. उजळ भिंतींमध्ये तिचं तेज उतरतं.

पुन्हा खिडकीकडे. अगदी वर, शेवटच्या खणातल्या ख्रिस्ताच्या जरा खाली, आदामाचा मुलगा काइन हाबेलला मारतो. खाली रस्त्यावर अनोळखी माणूस अनोळखी माणसाला वाचवतो. वर सख्खा भाऊ सख्ख्या भावाचा जीव घेतो. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नावर गोष्ट उभी आहे, आणि भाऊ कुठे आहे असं विचारल्यावर काइनने हात झटकले होते. या दोन प्रश्नांना एका खिडकीत आणायचं असं कुणी मुद्दाम ठरवलं, की उत्पत्तीची कथा पुढे चालवता चालवता ते घडलं, काच सांगत नाही. जाताना दुर्बीण न्यावी. हाबेलचा खण जमिनीवरून साध्या डोळ्यांना नीट लागत नाही.