उत्तरभाग आणि तक्रारींची यादी

एखादी कृति लोकांच्या पसंतीस उतरली कीं तिचा दुसरा भाग निघावा अशी मागणी सुरू होते, आणि तो निघाला कीं पहिल्याची सर याला नाहीं अशी कुरकुर सुरू होते. नाटक-कादंबऱ्यांच्या बाबतींत हा अनुभव जुनाच आहे. आतां तो संगणकावरील खेळांसही लागू झाला आहे. आमच्या मीरा-भाईंदरमध्यें ज्या घरांत मासिकें येतात त्याच घरांत हे खेळही येतात. एकाच दिवाणखान्यांत वडील वाचीत बसतात व मुलगा पडद्यावर तलवार चालवितो. हा सारा पोरखेळ आहे असें म्हणणाऱ्यांनीं, एके काळीं कादंबरीवाचनाविषयींही वडीलधारीं माणसें हेंच म्हणत असत, हें ध्यानांत घ्यावें.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' ही खेळमाला उदाहरणादाखल घेऊं. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणानें तिचा पहिला खेळ 1989 सालीं रचला. धाकट्या भावाला धावावयास व उड्या मारावयास लावून त्यानें त्याचें चित्रण केलें आणि त्यावरून राजपुत्राची चाल उतरवून घेतली. परंतु आमच्या विवेचनाचा विषय आहे तो 2003 सालचा 'द सँड्स ऑफ टाइम'.

या खेळांत राजपुत्राच्या हातीं एक खंजीर येतो, व त्याच्या योगानें घडून गेलेला क्षण मागें फिरवितां येतो. एवढ्यानें ती केवळ एक युक्ति ठरली असती. पण खेळणारा कड्यावरून कोसळून मेला कीं राजपुत्राचाच आवाज ऐकूं येतो: छे, असें घडलें नव्हतें, सांगतांना मी चुकलों. आपला मृत्यु म्हणजे कथेकऱ्याची चूक! म्हणजे आपण जें खेळत आहों तें आतां घडत नसून कोणी तरी कोणाला तरी सांगत आहे. कोणाला, तें अगदीं शेवटीं कळतें. फराह ही राजकन्या त्या साऱ्या संकटांत त्याच्या सोबतीला होती. परंतु काळच मागें फिरविल्यामुळें तिच्या लेखीं त्यांतलें कांहींच झालेलें नाहीं. ज्या स्नेहाची आठवण दोघांपैकीं एकालाच उरली आहे, तो नुसता सांगून पुन्हा जुळेल काय? हातानें दाबावयाची कळ आणि कथेचा आशय येथें एकरूप झाले आहेत. पुष्कळ प्रतिष्ठित कादंबऱ्यांसही हें साधत नाहीं.

या खेळांत दोष होते. त्यांतील लढाया एकसुरी होत्या, आणि परीक्षकांनीं तसें स्पष्ट लिहिलें. अवघ्या वर्षानें, 2004 सालीं, 'वॉरियर विदिन' आला तो ही तक्रार पुरेपूर निवारून. तलवारबाजी वाढली, रक्त वाढलें, संगीत कर्कश झालें आणि राजपुत्र उर्मट झाला. काळ मागें फिरविण्याची शक्ति राहिली, पण ती निव्वळ जीव वाचविण्याची सोय म्हणून. मेल्यावर 'असें घडलें नव्हतें' म्हणणारा कोणी उरला नाहीं. काळाशीं खेळल्याबद्दल पाठीस लागलेला दहाका राक्षस ही कल्पना थोर होती व त्याच्या पाठलागानें अंगावर कांटा येतो, हें आम्ही मान्य करतों. ती कल्पना तलवारींच्या खणखणाटांत बुडाली. मेक्नर या उत्तरभागाच्या कामांत नव्हता. त्यांतील हिंसेविषयीं त्यानें पुढें जाहीर नापसंतीही दर्शविली.

दोष दाखवितां येतो, मोजतां येतो आणि दुरुस्तही करतां येतो. खोली मात्र वाचकाला वा खेळणाऱ्याला जाणवते, पण तिचें नांव त्याला सांगतां येत नाहीं. 'फार आवडलें' एवढेंच तो म्हणतो. मग कर्त्याच्या हातीं उरते ती तक्रारींची यादी, आणि तीच उत्तरभागाचा आराखडा होऊन बसते. दोष मोजण्यांत धन्यता मानणाऱ्या टीकाकारांचा यांत मोठा वांटा आहे.

उत्तरभाग उथळच असतो असें मात्र नव्हे. महेश एलकुंचवार यांचें 'वाडा चिरेबंदी' 1985 सालीं रंगभूमीवर आलें. 'मग्न तळ्याकाठी' व 'युगान्त' यांस आणखी सुमारें नऊ वर्षें लागलीं. देशपांड्यांच्या वाड्याविषयीं प्रेक्षकांच्या मनांत राहिलेल्या शंका फेडण्याकरितां हीं नाटकें लिहिलेलीं नाहींत. पहिल्या नाटकांत अंगणांत गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे. तिसऱ्यांत साऱ्या मुलुखावर दुष्काळ आहे, आणि पुढच्या पिढीचे पराग व अभय त्यांत बोलत बसले आहेत. पात्रांबरोबर नाटककारही वयानें वाढला आहे.

मूळ खेळाची कथा येथें संपत नाहीं, आणि तिचा पुढला भाग आपल्याच प्रांतांत घडला. 2020 च्या सप्टेंबरांत युबिसॉफ्ट कंपनीनें 'द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ति जाहीर केली, तेव्हां तें काम तिच्या पुण्याच्या व मुंबईच्या शाखांकडे होतें. जाहिरातीची चित्रफीत पाहून जगभर ओरड झाली ती चित्रें जुनाट दिसतात म्हणून. खेळ लांबणीवर पडला, आणि 2022 सालीं तें काम, 2003 चा खेळ जेथें घडला होता त्या माँट्रियलच्या शाखेकडे गेलें. चेहऱ्यांवर पडणाऱ्या उजेडाविषयीं या अवधींत पुष्कळ लिहिलें गेलें. 'असें घडलें नव्हतें' असें म्हणण्यापूर्वीं राजपुत्रानें किती वेळ थांबावें, हा प्रश्न कोणी विचारल्याचें आमच्या वाचनांत आलें नाहीं.