सुस्कारा वजा करून

काही गवयांच्या नावाआधी आपण ‘पंडित’ लावतो, काहींच्या आधी ‘उस्ताद’ लावतो. दत्तात्रेय विष्णू पलुसकर यांच्या नावाआधी आमच्या नाशकात सुस्कारा लावतात. ‘‘बापूराव!’’ असं नुसतं म्हणून भागत नाही. आधी मान किंचित डावीकडे झुकली पाहिजे, मग एक दीर्घ श्वास, मग ‘‘हं... बापूराव!’’ आणि लगेच, ‘‘अवघे चौतीस हो!’’ पुढे गाण्याविषयी बोलायची गरजच उरत नाही. चहा येतो.

तसा हिशेब चुकीचा नाही. 28 मे 1921 ला नाशकात जन्म आणि 26 ऑक्टोबर 1955 ला मुंबईत मेंदूच्या तापाने मृत्यू. चौतीस वर्षं आणि पाच महिने. आपल्याकडे या वयात गवयाला ‘होतकरू’ म्हणतात आणि पंचेचाळिशीपर्यंत तसंच म्हणत राहतात. या गृहस्थाने तेवढ्यात ध्वनिमुद्रिका दिल्या, देशभर मैफली केल्या, चित्रपटात तानसेनाला हरवलं, भारताच्या सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनला जाऊन आला, आणि गेला. सुस्कारा येणारच. माझी तक्रार सुस्काऱ्याबद्दल नाही, तो संपल्यावर कुणी ऐकायला बसत नाही याबद्दल आहे.

बापूरावांच्या चाहत्यांचे मी तीन वर्ग पाडले आहेत. पहिला वर्ग प्रत्यक्ष ऐकलेल्यांचा. हा वर्ग फार छोटा असायला हवा, कारण 1955 साली जो कळता होता तो आज ऐंशीच्या पलीकडे आहे. पण नाशिकची हवा चांगली! आमच्या ओळखीचे एक गृहस्थ बापूरावांच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसल्याची आठवण इतकी रंगवून सांगतात, की त्यांच्या साठीशांतीला आपण जेवलो ते साल कोणतं, हे मनात मोजायचंसुद्धा धाडस होत नाही. त्यांचा जन्म त्या मैफलीनंतर सहा वर्षांनी झाला असला तर त्यात मैफलीचा काय दोष? दुसरा वर्ग, ऐकलेल्यांना ऐकलेल्यांचा. हे ‘‘आमचे वडील सांगायचे’’ अशी सुरुवात करतात. आणि तिसरा वर्ग आमच्यासारख्या तबकडीवाल्यांचा. आम्ही त्यांना पाहिलं नाही, शेकहँड केला नाही, पान दिलं नाही. आमच्याकडे फक्त त्यांचं गाणं आहे. त्यामुळे सभेत आम्हाला कुणी बोलू देत नाही.

चाहत्यांचं हे वेड फक्त गोदाकाठचं आहे असं समजू नये. माझा एक भाचा गिटार वाजवतो. त्याने मला रॉबर्ट जॉन्सन नावाच्या एका अमेरिकन गवयाच्या तबकड्या ऐकवल्या. मिसिसिपीकडचा हा काळा माणूस गिटारवर ‘ब्लूज’ गायचा. 1938 साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. मागे ठेवली 1936 आणि 1937 साली ध्वनिमुद्रित केलेली एकोणतीस गाणी. 1961 साली त्यांची लाँगप्ले तबकडी निघाली आणि ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं अशी पोरं वेडी झाली. त्याने म्हणे मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार मिळवली. त्याच्या थडग्याच्या खुणाही तीन ठिकाणी आहेत. मी भाच्याला म्हटलं, ‘‘अरे, एवढा सैतान कशाला? रियाज केला असेल!’’ तो म्हणाला, ‘‘मामा, रियाजावर कोण सिनेमा काढणार?’’

पोरगं बरोबर बोललं. कलावंत लवकर गेला की लोकांना कारण लागतं. तिकडे सैतान आणतात, आमच्याकडे ‘नजर लागली’ म्हणतात. दोन्हीकडे परिणाम एकच. माणूस काय करत होता हे मागे पडतं आणि त्याचं काय झालं हे पुढे येतं.

तेव्हा बापूराव काय करत होते ते पाहू. सुरुवात वडिलांपासून करायला हवी. लहानपणी फटाक्याने डोळे गमावलेल्या विष्णु दिगंबरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं हे राजवाड्यातून आणि कोठीवरून काढून शाळेच्या बाकावर बसवायचं, असा तो उद्योग. फी, वर्ग, पुस्तकं, स्वरलिपी, परीक्षा! जाणकार हसले. शाळेतून गवई निघत नाहीत, कारकून निघतात, असं तेव्हा म्हणत आणि आजही म्हणतात. पुढे मुंबईची संस्था कर्जात बुडाली आणि बुवा पंचवटीत रामनाम आधार आश्रमात राहिले. ‘रघुपती राघव’ची जी चाल देशाच्या तोंडी बसली, तिचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. 1931 साली ते गेले तेव्हा बापूराव दहा वर्षांचे होते.

हा आकडा माझ्या मते चौतीसपेक्षा महत्त्वाचा आहे. ‘बापाचं गाणं मुलात उतरलं’ असं म्हणायची आपल्याला सवय आहे. पण दहा वर्षांच्या पोरात उतरून उतरून किती उतरणार? बापूरावांना घडवलं ते वडिलांच्या शिष्यांनी, पुण्याच्या विनायकराव पटवर्धनांनी आणि नारायणराव व्यासांनी. म्हणजे बुवांनी जी शाळा दुसऱ्यांच्या मुलांसाठी काढली, तिने शेवटी त्यांच्याच मुलाला शिकवलं. आणि 1935 साली तो चौदा वर्षांचा मुलगा जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायला बसला. शाळेतून गवई निघतो की नाही, या प्रश्नाचं याहून सुरेल उत्तर कुणी दिलेलं नाही.

त्यांच्या गाण्यातही ही शाळा ऐकू येते. हे मी स्तुती म्हणून लिहितो आहे. ग्वाल्हेरची गायकी तशी घर मांडून ठेवलेली. स्थायी नीट म्हणायची, अंतरा नीट भरायचा, आलाप, बोल, ताना आपापल्या फडताळातून काढायच्या. विनायकरावांच्या गाण्यात या घराला तालमीचा जोर आहे, नारायणरावांकडे चपळाई आहे. बापूरावांनी त्याच घराच्या खिडक्या उघडल्या. आकार मोकळा, शब्द स्वच्छ, स्वर लावताना कुठे ओढाताण नाही. गौडसारंगासारखा वाकडी चाल असलेला राग ते असा गातात, की ऐकणाऱ्याला वाटतं, यात अवघड काय आहे? मग तो स्नानगृहात गाऊन बघतो आणि शेजारी खिडकी लावून घेतात.

त्यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ‘‘गोड हो, पण खोली यायची होती.’’ त्यात तथ्य नाही असं नाही. त्यांच्या मोठ्या ख्यालांत कधी कधी सगळं इतकं जागच्या जागी असतं, की आता हा माणूस कुठे जातोय, अशी धाकधूक होत नाही. लयीशी ते झोंबत नाहीत. दाराबाहेर चपला नीट लावलेल्या घरात गेल्यासारखं वाटतं. चांगलं वाटतं, पण एखादी चप्पल उलटी पडलेली दिसावी असंही मनात येतं. त्यांचा श्री राग ऐकताना मात्र हा आक्षेप मला टिकवता येत नाही. त्या रागात संध्याकाळचं एक गांभीर्य आहे. बापूराव ते आवाज जड करून आणत नाहीत. हलक्या पावलांनी जातात आणि आपणच गप्प होतो. खोली म्हणजे खर्जात खाकरणं नव्हे, हे त्या वेळी कळतं.

आणि तीन मिनिटांची भजनं! अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. बऱ्याच गवयांचं तिथे लग्नघाईत मुंज उरकल्यासारखं व्हायचं. बापूरावांचं तुलसीदासाचं ते भजन ऐका, छोटा राम पैंजण वाजवीत चालतो ते. कुठे घाई नाही. बाळ पडतं, उठतं, आया धावतात आणि तबकडी संपते. त्यात आणखी दोन मिनिटं असती तर बरं झालं असतं, असं मला एकदाही वाटलेलं नाही. 1952 च्या ‘बैजू बावरा’तही तेच. देसी रागातली ती जुगलबंदी आहे. तानसेनासाठी अमीर खाँ, बैजूसाठी बापूराव. नौशादसाहेबांना बैजूला जिंकवायचं होतं, कारण कथा तशी होती. पण बापूराव तिथे हरवायला गायलेले वाटत नाहीत. वडीलधाऱ्या माणसाला अदबीने उत्तर द्यावं तसे गातात. पडद्यावर संगमरवर वितळला. थेटरात ज्यांना शास्त्रीय गाणं म्हटलं की जांभई येई असे लोक वितळले. जास्त कठीण काम दुसरं!

‘‘जगले असते तर?’’ हा प्रश्न नाशकात चिवड्यासारखा आहे. एकदा हात घातला की बशी रिकामी होईपर्यंत सुटत नाही. साठीचे बापूराव कसे गायले असते, सत्तरीत आवाज कसा झाला असता? मला हा प्रश्न नकोसा होतो. जे गाणं झालंच नाही त्याच्या दुःखात, जे झालं त्याच्यावर अन्याय होतो. 2021 साली जन्मशताब्दी झाली, तेव्हाही ‘अकाली’ हा शब्द इतक्यांदा कानांवर आला, की नव्या माणसाला तो त्यांचा रागच वाटावा. पंचवटीत पलुसकरांच्या नावाचं सभागृह आहे. त्यावरून जाणाऱ्या पोराला ‘पलुसकर कोण?’ असं विचारलं तर त्याने दुःखी चेहरा करू नये. त्याने एखादी ओळ गुणगुणावी, बेसूर का होईना.

विष्णु दिगंबरांना गवयांइतकेच ऐकणारे घडवायचे होते. बापूराव ही त्या शाळेने दिलेली देणगी. आपण मात्र कानाने फेडायचं ऋण डोळ्यांनी फेडत बसलो आहोत. गाणं तीन मिनिटांचं आहे. तेवढा वेळ रडणं थांबवायला हरकत नाही. आणि त्या आमच्या पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनाही बोलवा. त्यांनी ती मैफल ऐकलेली नाही, हे खरं. तबकडी लावली की ऐकतील, आणि पहिल्या रांगेत बसूनच ऐकतील!