डोहाळे आणि दुखणें

गर्भवती स्त्रीच्या अवस्थेसाठीं आमच्या भाषेंत शब्दांची उणीव आहे असें सहसा कोणी म्हणणार नाहीं. आरंभींच्या इच्छांना ‘डोहाळे’ हा गोड शब्द आहे. अखेरच्या यातनांना ‘कळा’ आणि ‘वेणा’ हे दोन शब्द आहेत. पहिल्याभोंवतीं गाणीं, फुलें, झोपाळा आणि पंक्ति जमल्या; दुसऱ्यांभोंवतीं आईच्या उपकारांचें सारें काव्य उभें राहिलें. परंतु या दोहोंच्या मध्यें जे महिने जातात, त्यांत कित्येक स्त्रियांना उठतां-बसतां, कुशीवर वळतां, जिना चढतां जांघेंत आणि कमरेच्या खालच्या हाडांत जें दुखत असतें, त्याला वेगळें नांव नाहीं. ‘कंबर धरली आहे’ एवढ्या वाक्यावर तें भागविलें जातें. ‘कळ येते’ म्हणावें, तर घरांतील माणसें घाबरून घड्याळ पाहूं लागतात; कारण तो शब्द प्रसूतीनें आपल्याकडे घेतलेला आहे. आमच्या वाङ्मयानें गर्भवतीच्या इच्छेला एवढा मान द्यावा आणि तिच्या दुखण्याला उंबऱ्याबाहेर ठेवावें, हें कां, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वळण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. आमची कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. सातव्या महिन्यांत डोहाळजेवण झालें. हिरवी साडी, फुलांची वाडी, सजविलेला झोपाळा, झांकलेल्या वाट्यांतून पेढा निघतो कीं बर्फी याची थट्टा, सर्व यथासांग पार पडलें. गाणीं संपलीं, मंडळी पानांवर बसावयास गेली. मुलगी मात्र झोपाळ्यावरच राहिली. आम्ही जवळ गेलों तेव्हां झोपाळ्याची कडी घट्ट धरून ती हळूच म्हणाली, “बाबा, मला उठवत नाही. जरा हात द्या.” कोठें दुखतें असें विचारतां ती “खाली” एवढेंच म्हणाली आणि तिनें मान वळविली. बाप प्रोफेसर, लेक पदवीधर. पण दोघांच्या मिळून शब्दसंग्रहांत त्या जागेचें बोलण्यासारखें नांव नव्हतें. पुढें तिच्या आईकडून कळलें कीं हें तीन आठवडे चाललें होतें. तिनें सांगितलें नव्हतें असें नाहीं. तपासणीच्या ठिकाणीं सांगितलें, तेव्हां बाळाची वाढ उत्तम आहे, काळजी नको, असें उत्तर मिळालें. नात्यांतील एका वडील बाईंना सांगितलें, तेव्हां रोज उकिडवें बसून फरशी पुसत जा, म्हणजे बाळंतपण सोपें जाईल, असा उपदेश झाला. दोन्ही उत्तरें सद्भावनेचीं होतीं. प्रश्न मात्र जेथल्या तेथें राहिला.

त्या रात्रीं आम्हांला ‘रघुवंशा’चा तिसरा सर्ग आठवला. हा सर्ग आम्ही गेलीं अठ्ठावीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों. सुदक्षिणा गर्भवती आहे. तिचा वर्ण फिकट झाला आहे, तिच्या मुखाला मातीचा सुगंध येतो, आणि राजा दिलीप तिच्या सख्यांना पुनःपुन्हां विचारतो कीं हिला काय हवें आहे. कारण लाजेमुळें ती स्वतः सांगत नाहीं. पुढें कवि एक लहानसें चित्र काढतो. राजा महालांत येतो. गर्भाच्या भारामुळें राणी आसनावरून प्रयत्नानें उठते. नमस्कारासाठीं जोडलेले तिचे हात थकलेले आहेत, डोळे चंचल झाले आहेत. आणि हें पाहून राजाला आनंद होतो. कालिदासाची दृष्टि किती सूक्ष्म, हें सांगण्यासाठीं आम्ही याच श्लोकाकडे बोट दाखवीत आलों. ‘गौरव’ शब्दाचे भार आणि मान हे दोन अर्थ उलगडून सांगत आलों. तो प्रयत्न कशाचा होता, हें एकाही विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें नाहीं, आणि आम्हींही स्वतःस विचारलें नाहीं.

सुदक्षिणेला अमुक दुखणें होतें असा आरोप कवीच्या शब्दांवर लादण्याचा आमचा हेतु नाहीं. तसें करणें ही टीका नव्हे, ओढाताण होय. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कवीनें कष्ट पाहिले, परंतु त्यांचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यावर मांडला. त्या गर्भांत लोकपालांचा अंश आहे म्हणून तो जड आहे. म्हणजे भारही बाळाच्या थोरवीचा झाला. आणि त्या भारानें अवघडून उठणाऱ्या स्त्रीला पाहून जो आनंद होतो, तो राजाचा. उठणारीचें स्वतःचें असें त्या श्लोकांत काय उरलें? थकलेले हात आणि चंचल डोळे.

भवभूति याहून एक पाऊल पुढें जातो. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकांत सीतेचे दिवस भरत आले आहेत. हिला जे डोहाळे होतील ते विनाविलंब पुरवावे, असा वडील मंडळींचा निरोप येतो. चित्रें पाहून ती थकते. राम तिला आपल्या बाहूची उशी देतो आणि ती झोपीं जाते. येथें थकवा तिचा स्वतःचा आहे आणि त्यावर उपायही योजलेला आहे, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्याच अंकांत वनांत जाण्याचा तिचा डोहाळा पुरविला जातो, तो तिला कायमची वनांत सोडण्यासाठीं. डोहाळे पुरविणें म्हणजे त्या स्त्रीची काळजी घेणें नव्हे, हें याहून कठोर रीतीनें कोणी सांगितलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

डोहाळ्यांना इतका मान कां मिळाला, याचें उत्तर सुश्रुतानें स्पष्ट दिलें आहे. चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें. तेव्हांपासून स्त्री दोन हृदयांची, म्हणून ती ‘दौहृदिनी’. तिची इच्छा ही गर्भाची इच्छा, आणि ती अव्हेरली तर मूल कुबडें, लंगडें किंवा मंद निपजतें असें भय त्यानें घातलें आहे. हें भय आज कोणी खरें मानीत नाहीं. परंतु त्यामागचा न्याय अजून घराघरांत चालू आहे. जें बाळाचें, तें ऐकावयाचें. डोहाळे बाळाचे म्हणून त्यांचीं गाणीं झालीं. वेणा बाळाला जगांत आणणाऱ्या म्हणून त्यांचें काव्य झालें. मधल्या महिन्यांतलें हें हाडांचें दुखणें बाळाला इजा करीत नाहीं, हें वैद्यकीय सत्य आहे. आणि याच सत्यामुळें तें कोणाचेंच उरत नाहीं. ‘बाळाला धोका नाहीं’ हें वाक्य धीर देण्यासाठीं असतें. व्यवहारांत मात्र तेथेंच बोलणें थांबतें.

वस्तुतः हें दुखणें काल्पनिक नाहीं आणि क्वचितही नाहीं. कटीचा घेर ही एकसंध वाटी नव्हे. दोन बाजूंचीं दोन मोठीं हाडें पुढें जघनाच्या मध्यभागीं कूर्चेनें जोडलेलीं असतात, आणि मागें त्रिकास्थीशीं दोन सांध्यांनीं मिळालेलीं असतात. पुढील सांध्यांतील फट एरवीं ४ ते ५ मिलिमीटर असते. गरोदरपणांत ती आणखी २-३ मिलिमीटर वाढणें स्वाभाविक आहे. आमच्या प्राचीनांना हें सैल होणें ठाऊक होतें. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत आठव्या अध्यायांत महिनेवार चर्या सांगितल्यावर, तिच्या योगें गर्भिणीचें पोट, कंबर, बाजू आणि पाठ मृदु होतात, असें तिचें फळ दिलें आहे. अमेरिकेंत स्नेलिंग यांनीं १८७० सालीं या सांध्यांच्या शिथिलतेवर सविस्तर लेख लिहिला. १९२६ सालीं फ्रेडरिक हिसॉ यांनीं गिनीपिगांवर प्रयोग करून बंध सैल करणारें द्रव्य शरीरांतच उत्पन्न होतें हें दाखविलें. त्यालाच पुढें रिलॅक्सिन हें नांव मिळालें. मात्र हें द्रव्य अधिक तितकें दुखणें अधिक, असा सरळ हिशेब पुढील संशोधनांत जुळला नाहीं. सांध्यांवर पडणारा भार, स्नायूंचा आधार आणि पूर्वीचें कंबरदुखीचें किंवा अपघाताचें निमित्त, यांचाही त्यांत वांटा असतो. २००८ सालीं युरोपांतील तज्ज्ञांनीं या विषयावर मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले; त्यांत गर्भवतींपैकीं सुमारे पांचांत एकीला हा त्रास होतो असें म्हटलें आहे. ज्या झोपाळ्याभोंवतीं पांच लेकुरवाळ्या उभ्या असतील, त्यांपैकीं एकीला तरी हें अनुभवानें ठाऊक असावयाचें.

उपायही आहेत, आणि ते फार खर्चाचे नाहींत. पाय फांकले जातील किंवा सारा भार एकाच पायावर पडेल, अशा हालचाली टाळावयाच्या, हें त्यांचें मुख्य सूत्र. कुशीवर वळतांना दोन्ही गुडघे जुळवून वळावें. झोपतांना गुडघ्यांच्या मध्यें उशी घ्यावी. कपडे बसून घालावे. जिना एकेक पायरीनें चढावा. गाडींत बसतांना आधीं बसून मग दोन्ही पाय एकदम आंत घ्यावे. थोरलें मूल एका कडेवर घेऊन हिंडणें, एका हातानें भरलेली बादली उचलणें, फार वेळ मांडी घालून किंवा विळीवर बसणें, यांनीं दुखणें वाढतें. धडधाकट स्त्रीला हालचाल हितकर आहे यांत शंका नाहीं. परंतु जिचे सांधे दुखत आहेत तिला उकिडवें बसून फरशी पुसावयास लावणें हा उपाय नव्हे. फिजिओथेरपीच्या तज्ज्ञाकडून प्रकृति पाहून नेमलेले व्यायाम शिकून घ्यावे. कमरेचा पट्टा आराम देत असेल तर थोडा वेळ वापरावा. वेदनाशामक औषध डॉक्टरांस विचारूनच घ्यावें. बहुतेकींचा त्रास प्रसूतीनंतर कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो. प्रत्येक दुखणें मात्र हेंच समजूं नये. रक्तस्राव, ताप, लघवीची जळजळ, ठराविक अंतरानें येणाऱ्या कळा किंवा बाळाची मंदावलेली हालचाल, यांपैकीं कांहीं असेल तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे गेलें पाहिजे.

यावर कोणी विचारील कीं, हें सारें वैद्यकाच्या पुस्तकांत शोभतें. वाङ्मयाच्या मासिकांत याचें काय काम? आमचें उत्तर असें कीं, डॉक्टरकडे जाण्यापूर्वीं दुखणें भाषेंतून जावें लागतें. जी स्त्री ‘खालीं’ या एका शब्दावर थांबते, तिला काय दुखतें हें उत्तम वैद्यालाही अर्धेंच कळतें. आणि कोणता शब्द घरांत उच्चारावयाचा, कोणता गिळावयाचा, हें आम्ही कथा, काव्यें आणि गाणीं यांतूनच शिकत असतों. सभ्यतेची अडचणही खरी नाहीं. ज्या सभेंत ‘ओटी’ भरली जाते, तेथें ‘ओटीपोट’ हा शब्द अश्लील कां व्हावा? आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं पेनसिल्व्हानियांत वैद्यकीय पदवी घेतली, तेव्हां हिंदु आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. चौदाव्या वर्षीं झालेलें आपलें मूल दहा दिवसांत गमावलेल्या त्या मुलीनें हा विषय परभाषेंत मांडला. त्यालाही आतां १३५ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

कादंबरीकारांनीं गर्भवती नायिकेच्या कमरेचा अहवाल द्यावा, अशी आमची मागणी नाहीं. परंतु नायिका गर्भवती असल्याचें सांगून पुढच्याच प्रकरणांत बारसें उरकणाऱ्या लेखकानें मधले महिने कोठें ठेविले, हें विचारण्याचा अधिकार टीकाकाराला आहे. ते महिने कोणी तरी जगलेलें असतें, आणि त्यांतल्या रात्रीं बहुधा जागून काढलेल्या असतात.

असो. आमच्या कन्येनें दुसऱ्या तपासणीच्या वेळीं कोणत्या हाडांत, कोणत्या हालचालीनें, किती वेळ दुखतें, हें कागदावर लिहून नेलें. त्या वेळीं तिला ऐकून घेतलें गेलें, व्यायाम सांगितले गेले, आणि उरलेले दोन महिने पूर्वीहून बरे गेले. दुखणें साफ गेलें असें नाहीं. परंतु रात्रीं कूस बदलण्यासाठीं आईला हांक मारण्याची पाळी क्वचित् आली. यंदा वर्गांत सुदक्षिणेचा तो श्लोक आला, तेव्हां आम्हीं ‘गौरव’ शब्दाचे दोन्ही अर्थ नेहमीप्रमाणें सांगितले, आणि नंतर विद्यार्थ्यांना विचारलें कीं, राणीला उठावयास प्रयत्न कां पडला असेल? मुलें खालीं पाहूं लागलीं. मागच्या बाकावरील एका विवाहित विद्यार्थिनीनें मात्र हात वर केला, आणि तिनें जें उत्तर दिलें तें कोणत्याही टीकेंत आम्हांस आढळलें नव्हतें.